झाडांच्या कामाची गाडी: उंची नंतर, पाय आधी

आमचा धंदा कापडाचा. तीस वर्षे बीडच्या बाजारात थान उलगडण्यात आणि घडी घालण्यात गेली. शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी लिहायला गल्ल्यावर बसून शिकलो. तेव्हा ट्रक आणि हायड्रॉलिक लिफ्टबद्दल आम्ही काय सांगणार, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. परंतु या धंद्यात आमचा पैसा गुंतला, आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे एका गरीब माणसाचा पाय मोडला. त्यानंतर आम्ही गॅरेजवाले, वखारवाले, आर.टी.ओ.चे काम पाहणारे आणि लिफ्ट चालवणारे मिस्त्री यांना विचारत फिरलो. जे कळले ते येथे मांडतो. आपल्यात फिटर, वेल्डर आणि ड्रायव्हर पुष्कळ आहेत, आणि त्यांतील काही तरुणांचे लक्ष आता झाडांच्या कामाकडे वळले आहे.

हकीकत अशी. आमचा भाचा झाडांच्या छाटणीची कामे घेतो. २०२२ च्या मे महिन्यात एका वसाहतीतील जुन्या कडुलिंबाच्या फांद्या छपरावर आल्या होत्या. भाड्याने लिफ्ट आणायची तर ती छत्रपती संभाजीनगरहून येणार, भाडे जास्त. म्हणून त्याने जवळचे माती उचलण्याचे लोडर मशीन बोलावले आणि माणसाला त्याच्या पुढच्या बकेटमध्ये उभे केले. असे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. पालिकेचे दिवे लावताना, मिरवणुकीच्या कमानी बांधताना, सर्रास चालते. फांदी तुटली, दोरावर झोका घेऊन परत आली आणि बकेटच्या कडेवर आदळली. ऑपरेटर घाबरला, त्याचा हात लिव्हरवर पडला, बकेट कलली. माणूस बारा फुटांवरून ओट्याच्या दगडावर पडला. मांडीचे हाड मोडले.

"मामू, लवकर या," एवढाच फोन आला. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा त्याची बायको जिन्यात बसलेली होती. विमा कंपनीने पुढे कळवले की ते बकेट मातीसाठी आहे, माणसे उचलण्यासाठी नाही. मशीनच्या पुस्तकातही तसे स्पष्ट लिहिलेले आहे. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दवाखान्याचे बिल आणि पाच महिने त्या घराचा किराणा भाच्याने आणि आम्ही निम्मा-निम्मा भरला. एका दिवसाचे लिफ्टचे भाडे वाचवायला गेलो होतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, लोडरचे बकेट, ट्रॅक्टरची ट्रॉली, ट्रकच्या टपावर ठेवलेली शिडी, यांतले काहीही झाडाच्या कामाचे साधन नाही. माणूस वर न्यायचा तर माणसासाठी बनवलेलीच लिफ्ट पाहिजे. आणि ही लिफ्ट मुळात झाडासाठीच जन्मली, हे थोड्या लोकांना ठाऊक असेल. १९४० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात जे आयटेल नावाच्या माणसाने शिडीवरून चेरीची फळे तोडण्याला कंटाळून असा यांत्रिक हात बनवला. इंग्रजीत तिला आजही चेरी तोडणारी असे म्हणतात. टेलिफोन आणि विजेच्या तारांवर काम करणाऱ्यांनी ती नंतर उचलली.

आपल्या जिल्ह्यात हे काम आहे का? आहे, पण हंगामी आहे. धुळे-सोलापूर रस्ता, जुना २११ नंबरचा आणि आताचा ५२ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, चौपदरी झाला तेव्हा गेवराईपासून चौसाळ्यापर्यंत कडेची जुनी झाडे गेली, आणि त्या कामात वखारवाल्यांचे ट्रक बरेच दिवस चालले. ते काम एकदाच होणारे होते, संपले. दरवर्षी येणारे काम वेगळे. पावसाळ्यापूर्वी तारांवरच्या फांद्या, शाळा आणि दवाखान्यांची आवारे, वळीवाच्या वाऱ्याने पडलेली झाडे. म्हणजे मार्चअखेर ते जून.

येथे आपल्या जिल्ह्याला एक सोय आहे जी दुसऱ्यांना नाही. बीडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात, त्यांच्याबरोबर ट्रक आणि ट्रॅक्टर जातात, आणि पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. उसाचा हंगाम संपतो तिथे झाडांचा सुरू होतो. ज्याच्याकडे उसाची गाडी आहे त्याची तीच गाडी उन्हाळ्यात झाडांच्या कामाला लागू शकते. आणि ज्याला गाडी घ्यायची आहे त्याला याच दिवसांत बाजारात जुन्या गाड्या पुष्कळ दिसतात, कारण उचल फिटली नाही की मुकादम गाडी विकायला काढतो.

पण उसातून आलेली गाडी घेताना आम्ही कापडवाले जे करतो तेच करावे. थान हातात आले की गिऱ्हाईक रंग पाहते, आम्ही किनार पाहतो. गाडीची किनार म्हणजे चासी. उसाच्या गाड्या वर्षानुवर्षे क्षमतेच्या वर लादलेल्या असतात. केबिनला नवा रंग आणि आरशाला गोंडे लावलेले असतात, खाली मात्र चासीला पाट्यांच्या शॅकलजवळ वेल्डिंगचे टाके पडलेले असतात. गाडी खड्ड्यावर घ्या, आत झोपा, बॅटरी मारून दोन्ही बाजू पाहा. रंगाखाली केसासारखी रेघ दिसली, किंवा एकाच जागी वेल्डिंगचा थर चढवलेला दिसला, तर सौदा सोडा. सपाट जागेवर उभी केल्यावर गाडी एका बाजूला झुकत असेल तर पाटे थकले आहेत. एक पाटा बदलून भागेल असे विकणारा म्हणेल. बहुधा भागत नाही. इंजिन दुरुस्त होते, गिअरबॉक्स मिळतो, वाकलेली चासी मात्र सरळ केली तरी पहिल्यासारखी होत नाही. तिच्यावर लिफ्ट बसवायची असेल तर प्रश्नच मिटला.

किती मोठी गाडी? याचा हिशेब ओल्या लाकडापासून करावा. तोडलेल्या ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असते आणि एक घनमीटर ओले लाकूड ढोबळ मानाने एक टन भरते. एक मीटर जाडीचा, एक मीटर लांबीचा बुंध्याचा ओंडका म्हणजे पाऊण घनमीटरहून थोडा जास्त, साधारण आठ क्विंटल. टाटाची छोटी एस गाडी २००५ साली आली तेव्हा तिची क्षमता पाऊण टनाची होती. म्हणजे असा एकच ओंडका टाकला की गाडी भरली, आणि मालकाला वाटते की हौदा तर रिकामाच आहे! फांद्या आणि पाल्याचे उलटे. हौदा शिगोशिग भरतो, वजन काहीच नसते. म्हणून पाल्यासाठी उंच फळ्या लावायच्या आणि ओंडके स्वतंत्र फेरीने न्यायचे, ही सवय चांगली.

गावातल्या गल्ल्यांसाठी ४०७ च्या वर्गातील गाडी आम्हाला योग्य वाटली. १९८६ पासून ती रस्त्यावर आहे, सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि डोळे झाकून उघडणारा मेकॅनिक प्रत्येक नाक्यावर आहे. बशीरगंज किंवा धोंडीपुऱ्याच्या आतल्या बाजूला मोठा ट्रक वळत नाही. दोन फेऱ्या जास्त होतील, पण गाडी दारापर्यंत जाईल. नवीन गाड्या भारत स्टेज सहाच्या आहेत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या. त्यांचे इंजिन स्वच्छ, पण सेन्सर बिघडला की नाक्यावरचा मिस्त्री हात वर करतो. ज्याला रोज गाडी चालू पाहिजे त्याने हा विचार करून घ्यावा.

जादा वजनाबद्दल एक शब्द. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे, शिवाय माल उतरवावा लागतो तो वेगळाच. दंड सोडा. मांजरसुंब्याचा घाट उतरताना ओल्या लाकडाने लादलेली गाडी ब्रेकवर काय करते ते ड्रायव्हरला विचारा. ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, ब्रेकवर पाय ठेवून नाही, हे जुने ड्रायव्हर सांगतात आणि ते खरे आहे.

आता लिफ्ट. जाहिरातीत उंची लिहिलेली असते आणि तरुण तेवढीच वाचतात. पहिली फसगत तिथेच होते. काम करण्याची उंची म्हणून जो आकडा देतात तो पिंजऱ्याच्या तळापेक्षा दोन मीटरने जास्त असतो, कारण त्यात उभ्या माणसाचे वर केलेले हात धरलेले असतात. बारा मीटरची लिफ्ट म्हणजे तुमचे पाय दहा मीटरवर. दुसरी गोष्ट, ही उंची सरळ वरची. झाड मात्र कुंपणाच्या पलीकडे असते. हात आडवा जितका लांबेल तितकी उंची आणि ताकद कमी होते, म्हणून विकणाऱ्याकडून आडव्या पोहोचीचा तक्ता मागावा. तक्ता नाही म्हणाला तर ती लिफ्ट घेऊ नये.

पिंजऱ्याची क्षमता पुष्कळ लिफ्टमध्ये दोनशे किलोच्या आसपास असते. दोन माणसे, करवत, दोर, पेट्रोलचा डबा, पट्टे. शिल्लक फारशी राहत नाही. तोडलेली फांदी पिंजऱ्याच्या कडेवर टेकवायची नाही ती याचसाठी. फांदीला आधी वरून दोर, मग करवत, आणि ती पिंजऱ्यापासून दूर उतरली पाहिजे. कमरेचा आणि खांद्याचा पट्टा पिंजऱ्याच्या कडीला बांधायचा, झाडाला नव्हे. झाडाला बांधला आणि पिंजरा हलला तर माणूस मध्ये ताणला जातो.

पण लिफ्टचा खरा जीव वर नाही, खाली आहे. चार पायांत, ज्यांना मिस्त्री जॅक म्हणतात. हात एका बाजूला लांबवला की गाडीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भार एकाच पायावर येऊ शकतो. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि ती दगडासारखी वाटते. वळीवाची एक सर आली की तीच जमीन लोण्यासारखी होते. सकाळी घट्ट होती म्हणून दुपारी घट्ट असेल असे नाही. गावात धोका निराळा. नालीवरची झाकणे, पाइपलाइनचे नुकतेच बुजवलेले चर, घराशेजारचे शोषखड्डे. म्हणून प्रत्येक पायाखाली जाड फळी पाहिजे. पायाची थाळी एक फूट चौरस असेल आणि खाली न वाकणारी तीन फूट चौरस फळी टाकली तर जमिनीवरचा दाब नवव्या हिश्श्यावर येतो. हे गणित आम्ही भाच्याला पाटीवर काढून दाखवले. पाय टेकल्यावर लेव्हल पाहायची, मग रिकामा पिंजरा एकदा पूर्ण फिरवायचा आणि चारही फळ्यांकडे पाहायचे. एखादी फळी बोटभर जरी रुतली तरी माणूस वर जाणार नाही.

वारा सुटला तर खाली यायचे. बाहेर वापरायच्या लिफ्टना साधारणपणे सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे तासाला ४५ किलोमीटर वाऱ्याची मर्यादा असते. मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून धूळ उठली की हा आकडा केव्हा ओलांडला ते कळतही नाही. मोठ्या फांद्यांचे काम सकाळीच संपवलेले बरे.

विजेच्या तारांपासून पिंजरा, हात आणि फांदी, तिन्ही किमान दहा फूट दूर. साधी लोखंडी लिफ्ट वीज अडवत नाही, आणि पिंजरा फायबरचा आहे म्हणून पूर्ण लिफ्ट सुरक्षित झाली असेही नाही. त्याहून जवळ जायचे असेल तर महावितरणकडून लाइन लेखी बंद करून घ्यायची. वायरमन ओळखीचा आहे, फोनवर सांगितले आहे, यावर माणूस वर पाठवू नये.

२०२४ साली भाचा पुन्हा आला. "मामू, लिफ्ट मिळते आहे, स्वस्तात." एका नगर परिषदेची दिवाबत्तीची जुनी गाडी लिलावातून कोणीतरी घेतली होती आणि रंग देऊन विकायला काढली होती. मशीन चालू होते, हात वर जात होता, भाव खरोखर कमी होता. आम्ही कागद मागितले. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि पालिकांच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी संपते आणि ती पुन्हा होत नाही. ही गाडी सतरा वर्षांची होती. म्हणजे ती भंगार होती. रस्त्यावर चालवता येत नाही, विमा होत नाही, पासिंग होत नाही. विकणारा म्हणाला, हात काढून दुसऱ्या चासीवर बसवा, कोण विचारतो! विचारतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि अपघात झाला की पहिला प्रश्न विमा कंपनीच विचारते.

पुढे तिघांनी भागी करून एका खाजगी वीज ठेकेदाराची सहा वर्षांची गाडी घेतली. नफा-तोट्याचे हिस्से, दुरुस्तीचा वेगळा गल्ला आणि गाडी कोणाच्या नावावर राहील हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहिले. नात्यात लिहून घेणे वाईट दिसते असे लोक म्हणतात. न लिहिल्यामुळे तुटलेली नाती आम्ही बाजारात जास्त पाहिली. घेण्यापूर्वी दोन हंगाम भाड्याच्या लिफ्टवर काम करून पाहिले होते आणि किती दिवस भरतात ते वहीत लिहिले होते. समजा वर्षात चाळीसच दिवस भरत असतील, तर हप्ता, विमा, पासिंग आणि दुरुस्ती यांची बेरीज चाळिसाने भागा. तो आकडा भाड्यापेक्षा जास्त आला तर भाड्याचीच बरी. आमच्या भागीला विजेच्या खांबांचे काम जोडीला मिळाले म्हणून खरेदी परवडली.

विम्याचे आणखी एक. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. लाकडाच्या ढिगावर गावचे चार लोक बसवून आणणे आपल्याकडे रोजचे आहे. ते बंद करावे. स्वतःच्या मजुरांसाठी माणसांची संख्या लिहून जादा हप्ता भरावा लागतो, आणि वर झाडावर काम करताना होणाऱ्या अपघातासाठी कामगार भरपाईचा वेगळा विमा लागतो. कामावर जखमी झालेल्या मजुराची भरपाई मालकाने द्यायची ही तरतूद आपल्या देशात १९२३ पासून आहे. झाडाची परवानगीही गाडी नेण्याआधी हातात पाहिजे. शहरात १९७५ चा वृक्ष कायदा, बाहेर १९६४ चा, आणि त्यात आंबा, चिंच, जांभूळ, साग ही झाडे खास राखलेली आहेत.

देखभालीला रोज वीस मिनिटे लागतात, आणि ती सकाळीच द्यावी लागतात. हात पूर्ण खाली घेऊन हायड्रॉलिक तेलाची पातळी. पाइपांवर भेगा, फुगे, तेलाचा ओलावा. गळती शोधायला पाइपावरून हात कधीही फिरवू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाने निघालेले तेल कातडीत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखे दिसते आणि आत बोट सडते. पुठ्ठा फिरवावा, त्यावर डाग उमटतो. असे काही झालेच तर दुखत नाही म्हणून घरी न जाता त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जावे.

आठवड्याला पिनांना आणि बुशांना ग्रीस, टर्नटेबलच्या बोल्टवर रंगाची खूण करून ती सरकली का ते पाहणे, खांबाच्या बुडाशी आणि पिंजऱ्याच्या जोडावर वेल्डिंगला तडा आहे का ते पाहणे. महिन्यातून एकदा क्षमतेएवढ्या वाळूच्या गोण्या पिंजऱ्यात ठेवून हात वर न्यावा, इंजिन बंद करावे, खडूने खूण करावी आणि पंधरा मिनिटे चहा घ्यावा. परत आल्यावर हात खूण सोडून उतरलेला असेल तर सील किंवा लॉक व्हॉल्व्ह गेला आहे. इंजिन बंद पडल्यावर पिंजरा खाली आणायचा हातपंप असतो. तो जमिनीवरच्या माणसाला चालवता येतो का, हे दर महिन्याला करून पाहावे. आमच्या गाडीचा हातपंप पहिल्या मालकाने कधी हलवलाच नव्हता, गंजून बसला होता.

ट्रकच्या रेडिएटरच्या जाळीत भुसा आणि पाला अडकतो आणि एप्रिलच्या उन्हात इंजिन तापते. रोज संध्याकाळी आतल्या बाजूने हवा मारावी. सायलेन्सरजवळ साठलेला भुसाही काढावा, तो पेट घेतो. कडुलिंबाचा आणि बाभळीचा डिंक हौद्याच्या फटीत बसला की फाळक्याच्या बिजागऱ्या जाम होतात; डिझेलचा बोळा पुरतो.

जूनमध्ये काम संपले की हात पूर्ण आत घेऊन गाडी शेडखाली लावतो. सिलिंडरच्या चकचकीत दांड्या जिथे उघड्या राहतात तिथे ग्रीसचा हात फिरवतो, कारण पावसाळ्यात त्यांवर गंजाचा एक दाणा बसला तरी पुढच्या उन्हाळ्यात तोच सील कापतो. बॅटरीची वायर काढून ठेवतो, दर पंधरा दिवसांनी इंजिन चालू करून पाय एकदा बाहेर-आत करतो. चार फळ्या आमच्या गोदामात, थानांच्या मागे कोरड्या जागी आडव्या ठेवलेल्या आहेत. उभ्या ठेवल्या तर वाकतात.